वारूळ खोदताना : आल्फ्रेड इमर्सन यांचे वाळवी-संशोधन आणि ‘जात’ हा शब्द

पावसाळ्याच्या पहिल्या सरी कोसळल्या, की नागपूरच्या कोणत्याही वसतिगृहात दिव्यांभोवती पंख असलेल्या किड्यांचे थवे जमतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातून गळलेल्या पंखांचे ढीग झाडून काढावे लागतात. हे पंख वाळवीचे असतात. दाराची चौकट आणि कपाटातील ग्रंथ पोखरणारी वैरीण, एवढीच आपली वाळवीशी ओळख असते. गावाबाहेरचे वारूळ तर आपण मुंग्यांचे किंवा नागाचे घर समजतो. वस्तुतः ते उभारते वाळवी. नाग असलाच तर तो आयत्या घरातला पाहुणा.

बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाला वारूळ अपरिचित नाही. मज्झिमनिकायातील तेविसावे सुत्त ‘वम्मिक सुत्त’ होय. वम्मिक म्हणजे वारूळ. श्रावस्तीजवळच्या अंधवनात राहणाऱ्या कुमारकस्सप या भिक्खूपुढे एक कोडे येते. रात्री धुमसणारे आणि दिवसा पेटणारे एक वारूळ आहे. सुमेध नावाच्या शिष्याने हत्यार घेऊन ते खोदत जायचे आहे. भगवान बुद्ध या कोड्याचा उलगडा करतात. वारूळ म्हणजे हे शरीर, सुमेध म्हणजे अद्याप शिकत असलेला भिक्खू, त्याचे हत्यार म्हणजे प्रज्ञा आणि खोदणे म्हणजे वीर्य, अर्थात अखंड प्रयत्न. या सुत्तात कीटकशास्त्र शोधणे उचित होणार नाही. परंतु विसाव्या शतकात एका शास्त्रज्ञाने आयुष्यभर खरोखरीची वारुळे खोदली. त्याची कथा आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवताना हे सुत्त आम्हांला वारंवार आठवते.

आल्फ्रेड एडवर्ड्स इमर्सन यांचा जन्म 1896 साली अमेरिकेतील इथाका या गावी झाला. तेथील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले. 1919 साली ते दक्षिण अमेरिकेतील, आज गयाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, कार्ताबो येथील अरण्य-संशोधन केंद्रात गेले. त्या घनदाट वर्षावनात त्यांना आपला विषय सापडला. त्यानंतरही त्यांनी तेथे फेऱ्या केल्या आणि 1925 साली कार्ताबोच्या वाळवीवरील त्यांचा विस्तृत प्रबंध प्रसिद्ध झाला. 1929 पासून 1962 साली निवृत्त होईपर्यंत ते शिकागो विद्यापीठात प्राणिशास्त्राचे अध्यापन करीत होते. 1941 साली ते अमेरिकेच्या परिस्थितिविज्ञान संस्थेचे अध्यक्ष झाले. 1949 साली त्यांनी चार सहकाऱ्यांसह ‘प्रिन्सिपल्स ऑफ अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ हा ग्रंथ सिद्ध केला. प्राण्यांचा परस्परांशी व परिसराशी असलेला संबंध एका सूत्रात मांडणारा हा ग्रंथ दीर्घकाळ या विषयाचा आधार मानला गेला. 1976 साली त्यांचे निधन झाले. जगभरातून जमवलेला त्यांचा वाळवीचा संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयात आहे. त्या काळी ज्ञात असलेल्या प्रजातींपैकी बहुसंख्य प्रजाती त्यात आहेत.

हा संग्रह कशासाठी? वाळवीची उत्क्रांती कशी झाली, हे शोधण्यासाठी. वाळवी मुंगीसारखी दिसते म्हणून तिला काही भाषांत ‘पांढरी मुंगी’ म्हणतात, पण मुंगीशी तिचे नाते दूरचे आहे. तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे झुरळे. ऑस्ट्रेलियातील मॅस्टोटर्मिस ही वाळवी आजही झुरळाप्रमाणे अंडी एकत्र चिकटवून घालते आणि तिच्या मागच्या पंखाची घडणही झुरळाच्या पंखाची आठवण करून देते. अशा खुणा ओळखायच्या तर हजारो नमुने शेजारी शेजारी ठेवून जबडा, पंख, शृंगिका यांची तुलना करावी लागते. इमर्सन यांनी हे काम दशकानुदशके केले.

त्यांची सर्वांत मौलिक कल्पना मात्र घरट्यांविषयीची होती. प्राण्याचे शरीर दगडात जीवाश्मरूपाने उरू शकते. त्याचे वागणे उरत नाही. मग वागण्याची उत्क्रांती अभ्यासायची कशी? 1938 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात इमर्सन यांनी दाखवले, की वाळवीचे घरटे म्हणजे मातीत गोठलेले वर्तनच आहे. जशी हाडांची तुलना करता येते, तशीच घरट्यांचीही करता येते. दक्षिण अमेरिकेतील एक वाळवी झाडाच्या खोडावर घरटे बांधते आणि त्याच्या वरच्या बाजूला मातीचे तिरपे कंगोरे रचते. खोडावरून ओघळणारे पावसाचे पाणी या कंगोऱ्यांमुळे दोन्ही बाजूंना वळते आणि घरटे कोरडे राहते. आफ्रिकेतील दुसऱ्या एका वाळवीनेही जवळजवळ असेच कंगोरे घडवले आहेत, मात्र या दोघींचा वारसा वेगवेगळा आहे. मुसळधार पावसाच्या एकाच अडचणीला दोन खंडांत स्वतंत्रपणे एकच उत्तर मिळाले.

आपल्याकडचे वारूळही असेच उत्तर आहे. भारतात सर्वत्र आढळणारी ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वाळवी उंच, पन्हळी कडांचे वारूळ उभारते आणि आत बुरशीची शेती करते. बंगळुरूतील वारुळांवर केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले, की दिवसा वारुळाच्या कडा गाभ्यापेक्षा लवकर तापतात, त्यामुळे कडांतली हवा वर चढते आणि गाभ्यातली खाली उतरते. रात्री हा प्रवाह उलटतो. या ऊन-गारव्याच्या फेऱ्यावर सारे वारूळ श्वास घेते आणि आतील दूषित वायू बाहेर पडतो.

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. वाळवीच्या वसाहतीत राजा, राणी, कामकरी आणि सैनिक असतात. इंग्रजी शास्त्रग्रंथ या प्रत्येक प्रकाराला ‘कास्ट’ म्हणतात. हा शब्द मूळचा पोर्तुगीज ‘कास्ता’. पोर्तुगिजांनी तो भारतीय समाजव्यवस्थेला लावला आणि पुढे कीटकशास्त्राने तो उचलला. मराठीत त्याचे भाषांतर सहजच ‘जात’ असे होते. हा शब्द फळ्यावर लिहिला गेला, की एखादा विद्यार्थी मनात म्हणतो : मग जात निसर्गातच आहे का? आमच्या मते या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

उत्तर स्वतः वाळवीच देते. एकाच राजा-राणीच्या संततीतून कामकरीही निर्माण होतात आणि सैनिकही. कामकऱ्याची मुले कामकरी आणि सैनिकाची मुले सैनिक, असे तेथे घडूच शकत नाही, कारण कामकरी व सैनिक यांना सामान्यतः संतती होत नाही. कोणते पिल्लू कोणते रूप घेईल, हे बहुतांशी अन्न, ऋतू आणि सोबत्यांकडून मिळणारे रासायनिक संकेत ठरवतात. वसाहतीतले सैनिक कमी झाले, की आणखी काही पिल्ले सैनिक होतात. काही प्रजातींत राजा वा राणी मेल्यावर साध्या पिल्लांतूनच नवी जोडी तयार होते. थोडक्यात, तेथे कामे वेगळी आहेत, पण कुळे वेगळी नाहीत, आणि कोणाचा स्पर्श कोणास वर्ज्य नाही. उलट कामकरी आपल्या तोंडचा घास राजा, राणी, सैनिक आणि पिल्ले यांना भरवतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात नेमका हाच भेद मांडला होता. समाजात कामे वाटून घेणे ही एक गोष्ट, आणि काम करणाऱ्या माणसांनाच जन्मावरून तोडून उतरंडीत बसवणे ही अगदी निराळी गोष्ट होय. पहिली गोष्ट वारुळात आढळते. दुसरी केवळ माणसाने निर्माण केली. जे माणसाने निर्माण केले, ते माणूस मोडूही शकतो. म्हणून वाळवीच्या संदर्भात ‘जात’ऐवजी ‘रूप’ हा शब्द वापरावा, असे आम्ही सुचवतो. तो अधिक अचूकही आहे.

इमर्सन यांनीही कीटकसमाज आणि मानवसमाज यांची तुलना केली. वसाहत हा जणू एकच महाजीव आहे, अशी त्यांची धारणा होती. माणसाचा वारसा भाषेतून व शिक्षणातून पुढे जातो, हा फरक ते जाणून होते. तरीही समूहाच्या हितासाठी गुण उत्क्रांत होतात, हे तत्त्व त्यांनी फार दूरवर ताणले. त्यांचे एक व्याख्यान ऐकून जॉर्ज विल्यम्स हे तरुण जीवशास्त्रज्ञ अस्वस्थ झाले. पुढे 1966 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅडाप्टेशन अँड नॅचरल सिलेक्शन’ या पुस्तकात विल्यम्स यांनी या विचारसरणीची कठोर चिकित्सा केली, आणि बहुसंख्य अभ्यासकांनी ती मान्य केली. गुरुजनांचे म्हणणेही तपासून घ्यावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. चिकित्सेनंतर इमर्सन यांचे सारेच वाहून गेले, असेही नाही. त्यांचे नमुने, त्यांची वर्गीकरणे आणि घरट्यांवरील त्यांचा निबंध आजही उपयोगी पडतात.

हे काम पुढे नेणाऱ्यांत त्यांचे भारतात जन्मलेले शिष्य कुमार कृष्ण अग्रगण्य होते. शिकागोत इमर्सन यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून त्यांनी आयुष्यभर वाळवीचाच अभ्यास केला. 2013 साली त्यांनी सहकाऱ्यांसह जगातील सर्व ज्ञात वाळवींचा सात खंडांचा कोश प्रसिद्ध केला. जगातील ज्ञात प्रजातींची संख्या सुमारे तीन हजार आहे. पुढल्याच वर्षी ते निवर्तले. गुरूने आरंभलेले खोदकाम शिष्याने अर्धशतक चालू ठेवले.

आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. येत्या पावसाळ्यात मुलांना शहराबाहेरचे एखादे वारूळ दाखवा. ते फोडू नका. त्याची उंची मोजा, त्याच्या कडांची दिशा पाहा, त्यावर अळिंबी उगवते का ते पाहा, आणि दर आठवड्याला तारीख घालून वहीत नोंद करा. इमर्सन यांचा आरंभही एका अरण्यातील अशाच निरीक्षणांतून झाला होता. प्रज्ञेचे हत्यार हाती घेऊन शिकत राहणारा सुमेध आमच्या प्रत्येक वर्गात बसलेला आहे, असा आमचा विश्वास आहे.