तीस रविवार आणि एक गादी

"कॉट केवढी आहे?" गादीवाल्याने विचारलं.

मी म्हणाले, "सहा बाय साडेसहा." त्याच क्षणी हा म्हणाला, "चार बाय सहा."

दुकानदार मुरलेला होता. त्याने दोघांकडे एकेकदा पाहिलं, पोऱ्याला चहा सांगितला आणि स्वतः शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळला. २२ ऑक्टोबर २०२३, रविवार, अष्टमी. दसरा दोन दिवसांवर, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नाला दोन महिनेही उरले नव्हते आणि उशांच्या ढिगापुढे उभं राहून आम्हांला कळलं, की लग्नानंतर आपण राहणार कुठे हे ठरलेलंच नाही. हा धरून चालला होता की सदाशिव पेठेत, आई-बाबांजवळ, त्याच्याच नऊ बाय दहाच्या खोलीत. तिथे एका भिंतीला आजीचं शिसवी कपाट, म्हणून चार बाय सहा. मी धरून चालले होते की कोथरूड-वारज्याकडे कुठेतरी भाड्याचा फ्लॅट. कोणी काही लपवलं नव्हतं. विषय निघालाच नव्हता, एवढंच. आणि साखरपुड्यापासूनचा तो आमचा तेविसावा रविवार होता.

हे मोजलं मी नंतर, रागाच्या भरात, कालनिर्णय पुढ्यात घेऊन. साखरपुडा १४ मे ला झाला. जूनमध्ये मनासारखं कार्यालय मिळेना. पुढे चातुर्मास, आणि त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने तो चारऐवजी पाच महिन्यांचा. काढीव मुहूर्त दोन्हीकडच्या आज्यांना नको होता. म्हणून लग्न थेट डिसेंबरच्या मध्यावर. मैत्रिणी म्हणाल्या, "मजा आहे बुवा, सात महिने नुसतं फिरा!" मलाही तसंच वाटलं होतं. मी चिंचवडची, हा पेठेतला, दोघांच्या नोकऱ्या दोन टोकांना; त्यामुळे भेटायचं ते रविवारीच. साखरपुडा आणि लग्न यांच्या मधे मोजून तीस रविवार होते. लग्न ठरलेल्या कुणालाही मी आता पहिली गोष्ट हीच सांगते: आधी रविवार मोजा. महिने मोजले की ऐसपैस वाटतं, रविवार मोजले की पोटात गोळा येतो.

आमचे गेले कुठे? तीन कार्यालयं बघण्यात. दोन आचाऱ्यांकडे जेवून बघण्यात, त्यात एकाचा मसालेभात इतका छान होता की बासुंदी पातळ आहे हे आम्हांला घरी आल्यावर आठवलं. लक्ष्मी रोडवर किती, ते विचारू नका. शालू, मामीचं लुगडं, आत्याची साडी, आत्याची बदललेली साडी. गणपतीच्या आधीच्या रविवारी आम्ही तिथे गेलो होतो, तेव्हा अडीच तासांत एक ब्लाउजपीस घेऊन बाहेर पडलो. अधिक महिन्यात तर एक अख्खा रविवार 'साखरपुडा झालेला मुलगा जावई धरायचा का' या चर्चेत गेला. जावई धरला तर अधिकाचं वाण द्यायचं, तेहेतीस अनारसे करायचे. शेवटी आईने अनारसे केले आणि "वाण नाही हो, सहज केलेत" म्हणून मोजून तेहेतीस पाठवले.

या सगळ्यात आम्ही दोघं शेजारी असायचो, पण एकमेकांच्या नव्हे, याद्यांच्या सोबतीला. स्कूटरवर बोलता येत नाही. मी मागून काही म्हणायचे, हा हेल्मेटच्या आतून "काय?" म्हणायचा, मी "काही नाही" म्हणायचे. १ ऑगस्टला पिंपरीची मेट्रो सिव्हिल कोर्टापर्यंत आली आणि मला घरी सोडायला तो स्कूटर ठेवून माझ्याबरोबर गाडीत बसायला लागला. त्या अर्ध्या तासात थोडं बोलणं व्हायचं. तेही काय, तर पत्रिकेत 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' मोठ्या अक्षरात की लहान.

पितृपंधरवड्यात खरेदी बंद, म्हणजे आता तरी दोन रविवार सुटले असं मला वाटलं. पहिला आमंत्रितांच्या यादीने खाल्ला. दुसरा फोटोवाल्याने. तो म्हणाला, या दिवसांत कोणी येत नाही, कमी पैशांत करून देतो. आजी कुरकुरली, पण तिला न जुमानता आम्ही ८ ऑक्टोबरला पहाटे साडेचारला वाईजवळच्या मेणवलीला निघालो.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरचा तो सुंदर घाट. पाणी भरपूर होतं, ऊन कोवळं होतं, मी आईची नारायणपेठ नेसले होते. आम्ही पायऱ्यांवर बसलो. फोटोवाला लांब लेन्स लावून म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. दोघं गप्पा मारताय असं करा. कॅज्युअल."

दोघांनी तोंडं उघडली आणि काही सुचेना. खरंच काही सुचेना! मग हा हळूच म्हणाला, "बँडवाल्याला ॲडव्हान्स दिलास का?" मी म्हणाले, "ते बाबांकडे आहे." फोटोवाला ओरडला, "मस्त, असंच हसत राहा!" तो फोटो आमच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर आहे. नातेवाइकांना फार आवडतो. घाटावर मोठी घंटा आहे, वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आलेल्या घंटांपैकी. तिच्यापासून वीस पावलांवर आम्ही चार तास होतो आणि दोघांपैकी कोणीही ती पाहिली नाही. तिथे असं काही आहे हे मला लग्नानंतर एका पुस्तकात कळलं.

मेणवलीलाच मला संशय यायला हवा होता. नाही आला. तो यायला चौदा दिवसांनी गादीवाला लागला.

गादीच्या दुकानातून आम्ही चहा न पिता निघालो. भांडण रस्त्यावर झालं, आणि ते गादीवरून नव्हतं हे तुम्हांला कळलंच असेल. तो म्हणाला, "आई-बाबांना सोडून राहायचं असं मी कधी म्हणालो?" मी म्हणाले, "त्यांच्यात राहायचं असं मला कधी विचारलंस?" दोघांचंही खरं होतं. चार दिवस फोन नाही. चिंचवडला माझ्या आईने काय ते ओळखलं आणि सल्ला न देता थालीपीठ लावलं. गुरुवारी रात्री त्याचा फोन आला: "रविवारी सकाळी साडेसहाला तळजाईवर ये. पिशव्या नकोत, याद्या नकोत. फोन गाडीच्या डिकीत."

तळजाईच्या टेकडीवर त्या वेळेला फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक आणि त्यांची कुत्री. कोणी ओळखीचं नाही. आम्ही दोन तास चाललो. पहिला अर्धा तास नुसतीच धुसफुस. मग हळूहळू एकेक बाहेर पडायला लागलं. त्याच्या शिक्षणाच्या कर्जाचे दोन वर्षांचे हप्ते बाकी होते. ते माझ्या बाबांना माहीत होतं, मला नाही. माझ्या धाकट्या भावाची फी पुढची तीन वर्षं मी भरणार होते. मला वाटत होतं हे सांगितलंय, पण सांगितलं होतं ते त्याच्या बहिणीला. रविवारी सकाळी अकरापर्यंत कोणी बोललेलं त्याला चालत नाही. मला उठल्या उठल्या बोलायला माणूस लागतं. हे शेवटचं तुम्हांला किरकोळ वाटेल. आमच्या संसारात आजवर सगळ्यात जास्त खटके त्यावरून उडालेत.

राहायचं कुठे हे एका फेरीत सुटलं नाही. तीन रविवार लागले आणि मधे एकदा मी पर्वतीच्या पायऱ्यांवर बसून रडलेही. अखेर असं ठरलं की दोन वर्षं वेगळं राहायचं, पण सासरपासून चालत दहा मिनिटांवर. तो घरी सांगायला गेला तेव्हा मामंजी म्हणाले, "अरे, मी तर कपाट हलवायला माणूस सांगून ठेवला होता." सासूबाई चार दिवस गप्प होत्या, मग मला फोन करून म्हणाल्या, "दहा मिनिटांवर ना? मग डबा पाठवता येईल." त्यांच्या मनात काय होतं ते मी तेव्हा खोदून विचारलं नाही. पुढे स्वयंपाकघरात त्यांनीच सांगितलं, पण ते आमच्या दोघींतलं आहे.

तर सांगायचं ते असं. एक आड एक रविवार लग्नापासून सोवळ्यात ठेवा. पेनाने लिहा, पेन्सिलीने लिहिलेला रविवार मावशी पुसते. सगळा दिवस जमत नसेल तर सकाळचे तीन तास. आणि त्या वेळात हॉटेल, मॉल, सिनेमा नको. मला नाटक फार आवडतं, बालगंधर्वला आम्ही दोनदा गेलो, पण नाटकात बोलायचं काम नट करतात. टेकडी बरी, नदीकाठ बरा, नाहीतर कुणाचा तरी दुपारचा रिकामा ओटा. चालताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, त्यामुळे अवघड गोष्टी सोप्या जातात. प्रश्नांची यादी मात्र नेऊ नका. माझ्या एका मैत्रिणीने छापील चाळीस प्रश्न नेले होते, मुलगा म्हणाला, "नोकरीच्या मुलाखतीलाही एवढे नव्हते." दोनच विषय मनात ठेवून जा: राहायचं कुठे, आणि पगार आल्यावर पहिले पैसे कुणाला जातात. बाकीचं यातून आपोआप निघतं.

ज्या कामांना दोघं लागत नाहीत तिथे दोघांनी जाऊ नका. पत्रिकेचं प्रूफ काकांना द्या, त्यांना चुका काढायला आवडतं. सोनं घ्यायला रविवारी जाऊच नका. गर्दीत घडणावळ किती टक्के लावली हे कोणी नीट सांगत नाही. कामाच्या दिवशी सकाळी आई आणि तुम्ही जा, दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक भिंगाखाली बघा आणि बिलावरचा ताडून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, त्यामुळे मागायला लाजायचं कारण नाही.

पण सगळीच खरेदी वाया जाते असंही नाही. पैठणीसाठी आम्ही येवल्याला गेलो, जाऊन-येऊन सबंध दिवस मोडला, गाडीत पाच बायका आणि हा. तिथे मागावर बसलेल्या बाईंनी पदर उलटा करून दाखवला: हातमागावरच्या पैठणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच, सुटे धागे लोंबत नाहीत. हा तिथे अर्धा तास खिळून राहिला. त्याला हातांनी केलेल्या गोष्टींचं इतकं वेड आहे हे मला तिथे कळलं. साडी मात्र सासूबाईंनी पसंत केली.

केळवणांचं काय करायचं, याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. प्रेमाने बोलावतात, नाही कसं म्हणणार? नोव्हेंबरपासून आमची नऊ झाली. आठ ठिकाणी मसालेभात, सहा ठिकाणी श्रीखंड, सगळीकडे "अजून एक घे, आता सवय करायला हवी". १९ तारखेचं मात्र यजमानांनीच रद्द केलं, कारण अहमदाबादला विश्वचषकाची फायनल. तीस रविवारांतला तो एकमेव आयता मोकळा दिवस. आम्ही त्याच्या घरी सामना पाहिला, भारत हरला आणि त्या घरात रात्रीपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. पुन्हा वेळ आली तर मी असं करीन: जे म्हातारे कार्यालयापर्यंत येऊ शकणार नाहीत त्यांच्याकडे आधी जाईन, बाकीच्यांना लग्नानंतर दोघांनी जेवायला येतो म्हणेन. आत्या रुसेल. ती तशीही रुसली.

आणि एक, पत्रिकेची एक प्रत जपून ठेवा. लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची, तीन साक्षीदार न्यायचे, हे सगळं आम्हांला माहीत होतं. पत्रिका लागते हे कार्यालयात गेल्यावर कळलं. आमच्याकडच्या वाटून संपल्या होत्या. शेवटी आजीच्या देवघरातली, हळदीकुंकू लावलेली, परत आणली.

मागच्या महिन्यात माझ्या आतेबहिणीचा साखरपुडा झाला. परवा फोन आला, अगदी खुशीत. "ताई, रविवारी आम्ही दोघं गादी बघायला चाललोय. तुमची कुठून घेतलीत गं?"

मी म्हणाले, "सांगते. आधी मला सांग, ती ठेवणार कुठल्या खोलीत?"

पलीकडे जरा वेळ शांतता.

"थांब हं," ती म्हणाली, "त्याला विचारून सांगते."