महाकालाच्या दर्शनाला कोणती पर्स न्यावी?

प्रश्न : आईला घेऊन उज्जैनला भस्मारतीसाठी जायचंय. गर्दीत सांभाळायला आडव्या पट्ट्याची कोणती पर्स घेऊ?

उत्तर : छोटीच घ्या. पैसे, ओळखपत्र, आईची औषधं मावली की पुरे. पट्टा दोन बोटं रुंद हवा. बारीक साखळी खांद्याला काचते. वरून चेन हवीच, आणि पर्स पोटावर येईल इतका पट्टा आखूड करा. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तो बाहेर जमा करावा लागतो; म्हणून भस्मारतीच्या परवानगीची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र आतल्या कप्प्यात ठेवा. रामघाटावर शिप्रेत उतरताना पर्स पायरीवर ठेवू नका. एकीने सांभाळावी, दुसरीने बुडी मारावी. २०२८च्या सिंहस्थाला जाणार असाल, तर आईच्या पर्समध्ये तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठीही घाला.