रत्नागिरी ते बेळगाव, व्हाया दूधसागर : खर्च किती आणि तिकीट कधी?

रत्नागिरीहून बेळगावला जायचं म्हटलं की आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि निपाणीवरून पुढे जायचं, हाच रस्ता डोळ्यांसमोर येतो. दुसरा रस्ता रुळांचा आहे. कोकण रेल्वेने मडगाव गाठायचं आणि तिथून कुळे, दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा करत बेळगाव. या वाटेवर सह्याद्रीचा पायथा आणि माथा दोन्ही भेटतात, महाराष्ट्र-गोवा आणि गोवा-कर्नाटक अशा दोन सीमाही लागतात. दोन्ही गाड्यांचं स्लीपरचं तिकीट मिळून माणशी पाचशेच्या आतबाहेर होतं. त्यामुळे या सहलीत पैसे वाया जातात ते चुकलेल्या जोडगाडीमुळे आणि उशिरा काढलेल्या तिकिटामुळे. नियोजन नीट जमलं तर हा प्रवास आपल्या भागातल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत देखण्या प्रवासांपैकी एक आहे.

यातली दुसरी सीमा १९६१पर्यंत दोन राजवटींमधली होती. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला, आणि त्यातून पुढच्या दशकात मुरगाव बंदरापासून घाट चढणारी वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे उभी राहिली. घाटमाथ्यावरचं कॅसलरॉक ब्रिटिश हद्दीत, पायथ्याचं कुळे पोर्तुगीज हद्दीत. सीमेवर सामानाची झडती आणि जकात ठरलेलीच. १९५५ साली भारताने गोव्याची कोंडी केली तेव्हा ही वाहतूक थांबली आणि गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा रुळावर आली. आज कुणी परवाना विचारत नाही. फक्त गोव्यातून दारूच्या बाटल्या पिशवीत टाकून आणू नका. महाराष्ट्रात विनापरवाना गोव्याची दारू बाळगणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

आता नियोजन. बहुतेकजण आधी रत्नागिरी-मडगाव तिकीट काढतात आणि मग पुढचं बघतात. माझं सांगणं उलट आहे. आधी घाटातली गाडी ठरवा, कारण उजेडात घाट चढणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. वास्को-यशवंतपूर रोज आहे, पण ती घाट ओलांडते रात्री. आपल्या उपयोगाची आहे गोवा एक्सप्रेस. ती रोज दुपारी तीनच्या सुमारास वास्कोहून सुटते, मडगावला साडेतीन-पावणेचारला येते आणि संध्याकाळ होण्याआधी दूधसागरपाशी पोचते. रात्री बेळगाव, तिथून मिरज, पुणे करत ती दिल्लीकडे जाते. अमरावती एक्सप्रेस सकाळी जाते, पण आठवड्यातले काहीच दिवस, आणि तिच्यासाठी आदल्या रात्री मडगावात मुक्काम करावा लागतो, म्हणजे खोलीचं भाडं वाढलं.

गोवा एक्सप्रेस ठरली की तिच्या आधी मडगावला पोचवणारी गाडी निवडायची. कोकणकन्या पहाटे रत्नागिरीला येते आणि दुपारच्या आत मडगावला सोडते. स्लीपरला अडीचशेच्या आसपास. हाताशी काही तास उरतात. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून बाजारात जाऊन माशांचं जेवण आरामात होतं. कोकणकन्येची उणीव एकच : रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात येणारा ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल अंधारात जातो. तो बघायचाच असेल तर जनशताब्दी किंवा वंदे भारत घ्या. जनशताब्दीचं साधं बसायचं आरक्षण दीड-दोनशे रुपयांत होतं. वंदे भारतच्या चेअर कारला हजाराच्या घरात मोजावे लागतात. ती रोज धावत नाही, हेही लक्षात ठेवा. जनशताब्दीला काचेच्या छपराचा विस्टाडोम डबाही आहे. त्याचं भाडं साध्या बैठकीच्या कितीतरी पट आहे, आणि रत्नागिरी ते मडगाव एवढ्या टप्प्यासाठी ते मोजावं असं मला वाटत नाही. पाहुणे मुंबईहून येत असतील तर गोष्ट वेगळी.

पावसाळ्यात मात्र हे सगळं गणित बदलतं. दूधसागर खरा बघायचा तो जुलै ते ऑक्टोबर, आणि नेमकं त्याच काळात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं. गाड्यांचा वेग कमी केलेला असतो. वंदे भारत त्या दिवसांत मडगावला साडेतीनच्या सुमारास पोचते, म्हणजे गोवा एक्सप्रेस समोरून निघून जाण्याचीच शक्यता जास्त. जनशताब्दीचाही भरवसा धरू नये. पावसाळ्यात कोकणकन्या हाच पर्याय. हे वेळापत्रक वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं आखडलं. तिकीट काढण्यापूर्वी त्या वर्षीच्या तारखा आणि वेळा बघून घ्याच. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत योग्य वाटतो : धबधब्याला पाणी असतं आणि दरड कोसळण्याची भीती ओसरलेली असते. ती भीती पोकळ नाही. जुलै २०२१मध्ये सोनावली-दूधसागर टप्प्यात दरड येऊन प्रवासी गाडीचे डबे घसरले होते. गणपतीचे दिवस तर टाळाच, तेव्हा कोकणात कुठल्याच गाडीला जागा नसते.

आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. इथे रत्नागिरीकरांनी एक बारकावा लक्षात ठेवायला हवा : दिवस मोजले जातात ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. कोकणकन्या मुंबईहून आदल्या रात्री सुटते. तुम्हाला शनिवारी पहाटे रत्नागिरीत चढायचं असेल, तर रेल्वेच्या लेखी ती शुक्रवारची गाडी आहे. म्हणून आरक्षण एक दिवस आधी उघडतं आणि तात्काळही शुक्रवारी नव्हे, गुरुवारी. एसीचं तात्काळ सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. ऑनलाइन तात्काळसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते काम आधीच उरकून ठेवा, सकाळी दहाला ओटीपीची वाट बघत बसू नका.

घाटाच्या टप्प्यासाठी तात्काळच्या वाटेला जाऊ नये. मडगाव-बेळगाव प्रत्यक्ष अंतर दीडशे किलोमीटरही नाही. साध्या आरक्षणात स्लीपरला किमान २०० किलोमीटरचं भाडं लागतं, सुपरफास्टचे ३० आणि आरक्षणाचे २० रुपये धरून ते दोनशेच्या आसपास जातं. थ्री एसीला किमान ३०० किलोमीटरचं, म्हणजे साडेपाचशे ते सहाशे. तात्काळमध्ये मात्र या दोन्ही वर्गांना किमान ५०० किलोमीटरचं भाडं लागतं आणि वर तात्काळचा अधिभार : स्लीपरला १०० ते २००, थ्री एसीला ३०० ते ४०० रुपये. दोनशेची जागा पाहता पाहता दुपटीवर जाते, आणि पक्कं झालेलं तात्काळ तिकीट रद्द केलं तर दमडी परत मिळत नाही. मोबाइलवर तिकीट काढताना यूपीआयने पैसे भरा. आयआरसीटीसीचा आकार स्लीपरला १५ऐवजी १० आणि एसीला ३०ऐवजी २० रुपये पडतो, जीएसटी वेगळा. ४५ पैशांचा विमा घ्यायला विसरू नका. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, तेव्हा आजी-आजोबांचंही पूर्ण तिकीट धरा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ मागितला तर त्याचंही पूर्ण लागतं.

दोन्ही तिकिटं हातात आली की त्यांचे पीएनआर एकमेकांना जोडा. ही सोय २०१९पासून आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी चुकली, तर न वापरलेल्या तिकिटाचे पैसे कपातीशिवाय परत मागता येतात. दोन्ही तिकिटांवरची नावं अक्षरशः सारखी हवीत, आणि पहिल्या तिकिटाचं शेवटचं स्टेशन दुसऱ्याचं पहिलं स्टेशन हवं. म्हणून दोन्हीकडे मडगावच टाका.

घाटासाठी मी स्लीपरचाच आग्रह धरेन. एसीच्या बंद काचेतून धबधब्याचा आवाज येत नाही, आणि पावसात ती काच धुरकटते. दोघं असाल तर एक लोअर आणि एक साइड लोअर मागा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खिडक्या हाती राहतात. कुळ्याला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिनं जोडली जातात. एक धक्का बसतो, मग पुढची इंजिनं ओढतात आणि मागची रेटतात. कारण इथला चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. गाडी इतकी सावकाश चढते की बोगद्याच्या तोंडाशी ठिबकणारं पाणी आणि कडेची नेची वेगवेगळी दिसतात. सोनावलीनंतर वळणावर समोर तीनशे मीटरवरून कोसळणारा दूधसागर येतो आणि गाडी त्याच्या पुढ्यातल्या पुलावरून जाते. दारात लोंबकळू नका, आणि गाडी थांबली तरी उतरू नका. रुळांवरून चालत धबधब्याला जाणं दक्षिण पश्चिम रेल्वेने बंद केलं आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅसलरॉकला उतरून परत फिरायचा बेतही करू नका, उजेडात खाली येणारी गाडी त्या दिवशी मिळत नाही.

बेळगावात रात्री स्टेशनजवळ साधी स्वच्छ खोली दोघांना हजार ते दीड हजारात धरा. परतीला बेळगाव-कोल्हापूर बसला दीडशे ते दोनशे आणि कोल्हापूर-रत्नागिरी साध्या एसटीला सव्वादोनशे-अडीचशे. चहा, जेवण, रिक्षा सगळं धरून माणशी सव्वादोन ते अडीच हजारांत दोन दिवस होतात. वंदे भारत आणि थ्री एसी घेतलंत तर हजार-बाराशे वाढवा.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बस बंद पडतात, फेब्रुवारी २०२५मध्येही पडल्या. निघण्याच्या आदल्या दिवशी बातमी बघा. वातावरण गढूळ वाटलं तर गोवा एक्सप्रेसचं तिकीट मिरजेपर्यंतच काढा. स्लीपरला थोडेच जास्त पडतात, रात्र मिरजेत काढायची आणि सकाळी कोल्हापूर. आपल्या एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची आणि पंचाहत्तरीपुढच्यांची मोफत सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, त्यामुळे बेळगावहून निघताना कर्नाटकातल्या टप्प्याचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. कर्नाटकच्या बसमधला मोफत प्रवास तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे, आपलं आधार कार्ड तिथे चालत नाही. कोल्हापूर-रत्नागिरी टप्प्यात मात्र सवलत पूर्ण लागू होते. वयाच्या सवलतीसाठी मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.