गाडीच्या जागेला शटर बसवताना

बंगळुरूत तीस बाय चाळीसच्या साइटवर घर बांधलं की तळमजला बहुधा खांबांवर मोकळा सोडतात आणि तिथं गाडी लावतात. वर्षभरात समोरच्या प्लॉटवर बांधकाम निघतं, लाल धूळ गाडीवर बसू लागते, पावसाची झड आत येते, कुणाची तरी बॅटरी चोरीला जाते आणि घरात शटरची चर्चा सुरू होते. छताखाली सरकत जाणारं परदेशी धाटणीचं दार शहरात मिळतं, दिसतंही झकास. पण ते उघडल्यावर त्याच्या उंचीइतकी जागा छताखाली आडवी व्यापतं, आणि आपल्याकडच्या पार्किंगच्या छताला वरच्या मजल्यांचे ड्रेनेजचे पाइप लोंबत असतात. म्हणून बहुतेकांच्या वाट्याला गुंडाळी होणारं शटरच येतं. ही कृती त्याचीच.

दुकानात गेल्यावर लोक रंग बघतात आणि रिमोट दाबून बघतात. तुम्ही आधी कागदावर वजन काढा. दहा फूट रुंद, आठ फूट उंच म्हणजे 80 चौरस फूट, सुमारे साडेसात चौरस मीटर. 1.25 मिलिमीटर जाडीचा सपाट लोखंडी पत्रा चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास भरतो. पट्ट्या एकमेकींत अडकवायला कडा वळवाव्या लागतात, खाली जाड पट्टी येते, गुंडाळीत थोडा भाग जास्तीचा लागतो. म्हणजे शंभर किलोच्या वर वजन रोज तुमच्या डोक्यावरून वरखाली जाणार. ते कोण पेलतं, आणि पेलणारं काही तुटलं तर दुसरं काय आहे, या दोन प्रश्नांवर पुढचं सगळं ठरतं.

मंजूर नकाशा. खांबांमधली जागा नकाशात पार्किंग म्हणून मंजूर झालेली असते. दार लावणं वेगळं आणि तिन्ही बाजूंनी भिंती चढवून तिथं गोदाम किंवा दुकान काढणं वेगळं. दुसरा प्रकार अंगाशी येतो. शक्यतो भोकांच्या पट्टीचं किंवा सळ्यांचं शटर घ्या. बंद जागेत इंजिन चालू राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्यामुळे हवा खेळती हवीच.

माप. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, उंची दोन्ही टोकांना. आकडे जुळत नाहीत तेव्हा गवंड्याला शिव्या देण्यापेक्षा फरक कागदावर मांडा. जमिनीची पातळी पाण्याच्या नळीनं तपासा. रस्त्यावरून येणाऱ्या उतारामुळे एक बाजू खाली असते, आणि मग शटर एका टोकाला टेकतं, दुसऱ्या टोकाला उंदीर जाईल एवढी फट राहते. रबराची पट्टी थोडीफार फट झाकते. इंचाहून जास्त फरक असेल तर आधी फरशी सुधारा. वरच्या गुंडाळीच्या पेटीसाठी साधारण सव्वा ते दीड फूट आणि बाजूला मोटरसाठी फूटभर जागा मोकळी आहे का तेही पाहा.

पाण्याचा विचार याच वेळी करायचा. सप्टेंबर 2022 च्या पावसात सर्जापूर रस्ता आणि बेळ्ळंदूर भागातल्या चांगल्या चांगल्या वसाहतींत घरांत पाणी शिरलं होतं. शटर पाणी अडवत नाही. दारासमोर जाळीचं आडवं गटार काढा, स्विच आणि कंट्रोलचा डबा छातीच्या उंचीवर ठेवा. जागा रस्त्याच्या पातळीखाली असेल तर वीज तोडण्याचा मुख्य स्विच वरच्या मजल्यावर असला पाहिजे, म्हणजे पाण्यात उतरून तो बंद करायची वेळ येणार नाही.

भिंत. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच. बंगळुरूतल्या घरांच्या भिंती बहुधा सिमेंटच्या भरीव ब्लॉकच्या असतात, अलीकडे हलक्या एएसी ब्लॉकच्याही. बाजूच्या गाइडना ब्लॉकची भिंत चालून जाते, कारण त्यांच्यावर मुख्यतः वाऱ्याचा जोर येतो. शटरचं सगळं वजन पेलतात ते वरचे दोन ब्रॅकेट. ते काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईतच अँकर फास्टनरनं बसले पाहिजेत. खांब योग्य जागी नसेल तर भिंतीतून आरपार बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी लोखंडी प्लेट, किंवा जमिनीपासून उभा केलेला स्वतंत्र लोखंडी खांब. लाकडी गुल्ली ठोकून स्क्रू मारतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

स्प्रिंग की मोटर. हातानं ढकलायच्या शटरमध्ये वरच्या पाइपात गुंडाळलेल्या स्प्रिंग वजन तोलतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत दहा चौरस मीटरच्या वरच्या शटरला साखळी किंवा हँडलची सोय वेगळी धरलेली आहे. त्यावरून हातानं ओढायची मर्यादा कुठं येते ते समजतं. दोन गाड्यांचं रुंद दार असेल तर हातानं उघडण्याचा हट्ट नको.

बाजूला बसवलेल्या साखळीच्या मोटरवर शटर चालणार असेल तर बहुधा आत स्प्रिंग नसतेच. सगळा भार मोटरच्या ब्रेकवर आणि साखळीवर. साखळी तुटली तर शंभर किलो सरळ खाली येतं. म्हणून मोटरच्या विरुद्ध टोकाला पडझड रोखणारा वेगळा सेफ्टी ब्रेक मागा. किमतीत तो जाचतो, आणि कोटेशनमधून पहिला वगळला जातो तोही तोच. मोटर शटरच्या वजनाच्या निदान दीडपट क्षमतेची घ्या. वीज गेल्यावर उघडायची हातसाखळी जमिनीवरून सहज हाती लागली पाहिजे. इन्व्हर्टरवर चालवायचा विचार असेल तर सुरू होतानाचा जादा ताण तो सोसेल का, हे इन्व्हर्टरवाल्याला विचारा, शटरवाल्याला नको.

अमेरिकेत 1993 पासून बनणाऱ्या घरगुती दाराच्या यंत्रांना अडथळा लागताच उलट फिरण्याची सोय सक्तीची आहे. लहान मुलं दाराखाली सापडल्याच्या घटनांमुळे हा नियम आला. आपल्या बाजारातल्या साध्या शटर मोटरला ती सोय असेलच असं नाही. काही अडलं तरी मोटर पाइप फिरवतच राहते आणि पट्ट्यांचं वजन त्या अडथळ्यावर बसतं. यावर उपाय म्हणजे दोन्ही गाइडजवळ जमिनीपासून फूट-दीड फुटावर प्रकाशकिरणाचा सेन्सर. घरात मुलं, आजीआजोबा किंवा कुत्रं असेल तर सेन्सरशिवाय मोटर घेऊच नका. रिमोट दर वेळी नवा कोड पाठवणारा हवा. कायम एकच कोड पाठवणाऱ्या स्वस्त रिमोटची नक्कल सहज करून मिळते.

कोटेशन. तीन ठिकाणांहून घ्या. एसजेपी रोडला सुटे भाग आणि मोटर पाहायला मिळतील, पीण्यात शटर बनवणारे कारखाने आहेत. दर चौरस फुटाला सांगतात, पण काही जण गुंडाळीची उंचीही मापात धरतात, काही नाही. त्यामुळे स्वस्त दर शेवटी महाग निघू शकतो. पट्टीची जाडी गेजमध्ये न लिहिता मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि माल आल्यावर मोजा. पट्टी गॅल्व्हनाइज्ड आहे की नुसतं रंगवलेलं लोखंड, गाइडची खोली, वरची पेटी, ब्रेक, सेन्सर, हातसाखळी, वायरिंग, राडारोडा उचलणं, सगळं वेगवेगळ्या ओळींत हवं. धातूच्या शटरसाठी आयएस 6248 हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख केला की समोरच्याचा चेहरा बरंच सांगून जातो. बिल जीएसटीसह घ्या. चौथा भाग रक्कम चाचणी होईपर्यंत हातात ठेवा.

वीज. मोटरला स्वतंत्र एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरंखुरं अर्थिंग. हे काम तुमच्या इलेक्ट्रिशियनकडून शटर येण्याआधीच उरकून घ्या.

बसवण्याचा दिवस. गाडी, स्कूटर, गॅस सिलिंडर बाहेर काढा. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ग्रॅनाइटवर पडलेले डाग जात नाहीत, म्हणून जमिनीवर ओली पोती किंवा पत्रा टाका. आधी ब्रॅकेट, मग पाइप, मग पट्ट्या, मग गाइड, शेवटी पेटी आणि मोटर असा साधारण क्रम असतो. तुम्ही दोनच वेळा मध्ये पडा. पाइप चढल्यावर तो पातळीत आहे का, हे स्पिरिट लेव्हल लावून बघा. आणि गाइड पक्के होण्याआधी ओळंबा लावायला सांगा. इथं चूक राहिली तर पुढं रोज खडखडाट ऐकावा लागतो. गॅल्व्हनाइज्ड पट्टीवर जिथं वेल्डिंग झालं तिथलं जस्त जळून जातं. त्या जागी जस्ताचा प्रायमर लावल्याशिवाय रंग मारू देऊ नका. स्प्रिंगला पीळ देताना खाली कुणी थांबायचं नाही, व्हिडिओ काढायलाही नाही.

ताबा घेण्याआधी. स्प्रिंगचं शटर असेल तर कमरेइतक्या उंचीवर आणून हात सोडा. ते तिथंच थांबलं पाहिजे. खाली घसरलं किंवा वर उसळलं तर तोल चुकलाय. मोटरचं असेल तर शटर खाली येत असताना सेन्सरसमोर काठी धरा, ते लगेच थांबायला किंवा परत फिरायला हवं. पूर्ण वर आणि पूर्ण खाली मोटर आपोआप बंद होते का पाहा. मग मेन स्विच पाडून हातसाखळीनं शटर स्वतः उघडा आणि घरातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसालाही उघडायला लावा. ओळीनं पाच-सहा वेळा चालवून मोटर थांबली तर घाबरू नका, तापल्यावर थांबणारं संरक्षण त्यात असतं. हे सगळं जमलं की उरलेली रक्कम द्या. नाही जमलं आणि दुकानदार फोन उचलेनासा झाला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

पुढची देखभाल थोडकी आहे. गाइडमध्ये ग्रीस भरू नका, धूळ चिकटून त्याची कणीक होते. तिथं सिलिकॉन स्प्रे, ग्रीस फक्त साखळीला. पावसाळ्याआधी पेटी उघडून बघा, खारी तिथं घरटं करतात. ब्रॅकेटचे बोल्ट आणि सेफ्टी ब्रेक वर्षातून एकदा कारागिराकडून तपासून घ्या. स्प्रिंग तुटली किंवा शटर तिरकं अडकलं तर वीज बंद करा, खाली कुणाला जाऊ देऊ नका आणि तुमच्याकडे कितीही चांगला पाना असला तरी ते स्वतः खोलू नका.