दूरसंचाराचे शिक्षण : यंत्र आणि तत्त्व

दहावी-बारावीचा निकाल हाती पडताच, मुलाला किंवा मुलीला दूरसंचाराच्या शाखेत घालावे की नाही या विवंचनेत सापडलेले पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात : आज शिकलेले तंत्र नोकरी लागेपर्यंत तरी टिकेल काय? या प्रश्नाचे उत्तर मला आयएसडीएन या अंकीय जालाच्या इतिहासात दिसते.

1984 मध्ये ज्याच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सिद्ध झाल्या आणि 1988 मध्ये जपानच्या एनटीटी या दूरध्वनी कंपनीने ज्याची व्यापारी सेवा सुरू केली, त्या या जालामुळे बँका, पेढ्या आणि कारखान्यांच्या कचेऱ्यांना संभाषण, फॅक्स व संगणकीय माहिती यांसाठी निरनिराळ्या जोडण्या बाळगण्याची गरज उरली नाही. आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घ्यावेत, प्रत्येक नमुना 8 बिटांत मांडावा, की सेकंदाला 64,000 बिटांची एक वाहिनी तयार होते; अशा दोन वाहिन्या आणि मुख्यतः कॉल जुळवण्याच्या संकेतांसाठी 16,000 बिटांची तिसरी, एवढा ऐवज टेलिफोनच्या जुन्याच तांब्याच्या तारजोडीवरून वाहू लागला, आणि मोठ्या कचेरीने आपल्या ईपीएबीएक्सला, म्हणजे अंतर्गत दूरध्वनी-केंद्राला, पीआरआय ही मोठ्या क्षमतेची जोडणी घेतली की 30 संभाषणे एकाच वेळी चालू लागली.

पुढे ब्रॉडबँड आले, आणि 2024 मध्ये त्याच जपानात या जालावरील माहितीवहनाची सेवा बंद करण्यात आली. तथापि, संकेत आणि संभाषण यांचे मार्ग वेगळे का ठेवले, हे ज्यांनी मुळातून समजून घेतले होते, त्यांना इंटरनेटवरून कॉल जुळवणारी आजची 'सिप' पद्धती परकी वाटण्याचे कारण नाही. कारण तेथेही कॉल जुळवणारे संदेश वेगळे आणि आवाजाची पाकिटे वेगळी असतात, आणि त्या पाकिटांत पुष्कळदा आवाज अंकांत मांडण्याची तीच जुनी 64,000 बिटांची जी.711 पद्धती नांदत असते.

म्हणून विद्यार्थ्यांनी गणित, संकेतप्रक्रिया व संगणक-जाल या विषयांत कसूर करू नये, आणि घरच्या संगणकावर वायरशार्क हे जालावरील पाकिटे दाखवणारे साधन उघडून एका इंटरनेट-कॉलचा आरंभापासून अखेरपर्यंतचा प्रवास स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. बारावीची धास्ती वाटत असल्यास दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवण्याची तरतूद आहे. पालकांनी प्रवेशाच्या वेळी प्रयोगशाळेतील यंत्रांची यादी अवश्य पाहावी. परंतु त्या यंत्रांचे झाकण उघडण्याची मुभा विद्यार्थ्यांना आहे काय, हे त्याआधी विचारावे.