बाळ वाढते तशी झोळी बदलावी

बाळाला अंगाशी बांधून नेणारी झोळी किंवा बेबी कॅरिअर योग्य आहे की नाही, हे बाळाच्या गुडघ्यांवरून कळते. गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर, पाय फाकलेले आणि मांड्या गुडघ्यापर्यंत कापडावर टेकलेल्या असाव्यात. कडेवर घेतलेले लेकरू असेच बसते. तान्ह्या बाळाचा खुबा अजून मऊ कूर्चेचा असतो. पाय सरळ करून सतत आवळून ठेवले, तर तो जागेवरून सरकण्याचा धोका वाढतो.

पहिल्या चार महिन्यांत जपायचा तो श्वास. खोल झोळीत बाळ गोळा होते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2010 मध्ये याच कारणाने चार महिन्यांखालील बाळांबाबत सावध केले होते. चेहरा सतत दिसावा, नाक मोकळे असावे आणि हनुवटीखाली दोन बोटे मावावीत.

पाचव्या महिन्याच्या सुमारास वजन जन्माच्या दुप्पट होते. फसगत होते ती इथेच. सुरुवातीला पुरेसे वाटलेले अरुंद कापड आता फक्त जांघेत उरते, पाय लोंबकळतात आणि सगळा भार आईच्या खांद्यांवर येतो. म्हणून घेतानाच बैठकीची रुंदी कमी-जास्त करता येणारे, रुंद खांदेपट्टे आणि घट्ट कंबरपट्टा असलेले कॅरिअर निवडावे. मग भार कमरेवर उतरतो.

वाट कशी आहे, हेही पाहावे. सालेकसा तालुक्यातील दरेकसा स्थानकात उतरून माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला जाणारी गोंड कुटुंबे जंगलातला चढ चढतात. अशा चढावर बाळ पुढे बांधले, तर पायाखालचा दगड दिसत नाही. मान पक्की धरणारे, साधारण सहा महिन्यांपुढचे बाळ पाठीवर घ्यावे. त्याआधी ते छातीशीच ठेवून सोबत्याचा हात धरावा. गुळगुळीत साडीची गाठ सुटते, त्यापेक्षा जाड सुती कापड बरे. उन्हाळ्यात पातळ सुती थर एकच ठेवून मानेमागचा घाम तपासावा. मोटारसायकलवर कॅरिअर संरक्षण देत नाही.

शिवण, बक्कल आणि गुडघ्यांची ठेवण दर महिन्याला तपासावी. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, अथवा खुब्याबद्दल शंका असेल, तर कॅरिअर वापरण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.