आधी पान माप

गौलीगुडा, हैदराबाद
रविवार, सकाळ

चि. सोनू,

परवा ताईचा फोन आला. "तुझ्या भाचीला टॅब घ्यायचाय, तूच काय ते सांग," म्हणत तिनं फोन तुझ्या हातात दिला आणि तू एका दमात आकडे फेकलेस: साडेआठ, अकरा, तेरा, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. मी 'हौ, हौ' करत राहिलो. फोनवर मला विचार करता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. सोबत तीन पुठ्ठे आहेत. त्यांचं काय करायचं ते पुढे लिहितो, तोवर रद्दीत टाकू नकोस.

माझ्याकडे बांधणीला वही-पुस्तक घेऊन येणारा माणूस आधी कापडाचा रंग सांगतो. मग पाठीवर सोनेरी अक्षरं हवीत म्हणतो. मी त्याचं सगळं ऐकून घेतो आणि गुपचूप पट्टी काढून कागद मापतो. कागदाचं माप कळल्याशिवाय पुठ्ठा कापता येत नाही, आणि चुकीचा कापला तर त्यावर कितीही भारी कापड चढवलं तरी पुस्तक फताडं दिसतं. तू आत्ता कापडाच्या रंगापाशी आहेस. टॅबचा पडदा म्हणजे तुझा पुठ्ठा. त्यात कोणतं पान बसवायचं आहे, ते आधी ठरव.

तुझी पानं मला साधारण माहीत आहेत. इतिहासात एम.ए. करायला निघाली आहेस, तेव्हा जुनी मराठी पुस्तकं आली. इंटरनेट अर्काइव्हवर आहेत तसली, किंवा राज्य मराठी विकास संस्थेनं संकेतस्थळावर ठेवली आहेत तसली. त्यातली बरीचशी डेमी आकाराची, म्हणजे कापल्यावर साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. मग सरांच्या नोट्स आणि शोधनिबंध, ते ए-फोर. आणि कधीतरी 'निजाम विजय'सारख्या जुन्या साप्ताहिकाचं पान समोर येईल, ते या दोन्हींहून मोठं.

दुकानदार पडद्याचं माप सांगतो ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, तिरकं. आमच्या धंद्यात असं तिरकं कुणी मापत नाही. त्यानं लांबी-रुंदी कळत नाही, कारण अकरा इंची दोन टॅबही वेगवेगळ्या अंगाचे असतात, एक लांबोडका आणि एक चौकोनाकडे झुकलेला. म्हणून मी पट्टी घेऊन बसलो. बाजारात हल्ली दिसणारा ८.७ इंची टॅब उभा धरला तर पडदा जेमतेम साडेचार इंच रुंद आणि साडेसात इंच उंच भरतो. ११ इंची, नेहमीच्या १६:१० अंगाचा, सुमारे ५.८ गुणिले ९.३. डेमीच्या पानावर हे अकराचं माप ठेवून बघ. पान अख्खं बसतं, आणि चारी बाजूंनी बोटभर नाही तरी नखभर जागा उरते. लहान पडद्यात तेच पान सुमारे ८० टक्के होतं. १२ पॉइंटचं अक्षर पावणेदहाचं होतं. वाचता येतं, पण बरोबर तासाभराची डोकेदुखीही येते.

खरा घोळ ए-फोरचा आहे. त्याची रुंदी ८.२७ इंच. अख्खं पान दाखवायचं म्हटलं की १२ पॉइंटचं अक्षर लहान टॅबवर साडेसहा पॉइंटचं होतं, अकरावर साडेआठचं. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आठवत असतील, त्या मापाचं. तेराच्या आसपासचा, चौकोनी अंगाचा टॅब घेतलास तर ते साडेदहावर जातं. म्हणून दुकानदार तेराचा गळ्यात मारू बघेल. त्याआधी दोन गोष्टी ध्यानात घे. ए-फोरच्या दोन्ही बाजूंना इंच-इंच समास असतो. बऱ्याच वाचायच्या ॲपमध्ये तो समास कापायची सोय आहे. कागदावर मी कटिंग मशीनवर करतो तेच काम. तेवढं केलंस की अकराच्या पडद्यावर अक्षर अकरा पॉइंटच्या घरात येतं. दुसरं, टॅब आडवा धर. अर्धंच पान दिसेल, पण अक्षर मूळ कागदाहून मोठं, साडेतेराचं होईल. अर्ध्या पानानंतर बोट सरकवायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतील. साप्ताहिकाचं पान मात्र तेराच्या पडद्यावरही अख्खं वाचता येणार नाही. ते कुठल्याही टॅबवर तुकड्यातुकड्यानंच वाचायचं. त्याच्यासाठी मोठा घेण्यात अर्थ नाही.

इंचांइतकंच महत्त्वाचं आणखी एक माप आहे आणि ते खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: १९२० × १२०० की १२८० × ८००. हे ठिपके. दहा इंची पडद्यावर पहिल्या प्रकारात इंचाला सव्वादोनशे ठिपके येतात, दुसऱ्यात दीडशे. इंग्रजी वाचणाऱ्याचं दीडशेत भागतं. आपल्या अक्षराला वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार किंवा पायमोड, शिवाय पोटात जोडाक्षर. छापखान्यात होतो तेव्हा झिजलेल्या खिळ्यांनी 'द्ध' आणि 'द्व' एकसारखे उमटायचे आणि मुद्रितशोधक आमच्या नावानं खडे फोडायचे. कमी ठिपक्यांचा पडदा तीच झीज नव्यानं करतो. त्यातून जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग आधीच पुसट असतं. 'घ'चा 'ध' आणि 'ब'चा 'व' व्हायला वेळ लागत नाही. तू उद्या कुणाचं नाव चुकीचं वाचून प्रबंधात घालशील आणि ते पुढच्या दहा जणांच्या प्रबंधात जाईल. म्हणून इंच अर्धा कमी झाला तरी चालेल, ठिपके कमी नकोत.

आता पुठ्ठे. तिन्ही टॅबच्या बाहेरच्या अंगाइतके कापलेत, पडद्याच्या कडेची चौकट धरून. पण पुठ्ठा हलका असतो, त्यामुळे फसशील. लहान टॅब साधारण तीनशे-सव्वातीनशे ग्रॅमचा, अकराचा पाचशेच्या आसपास, तेराचा साडेसहाशे-सातशे, आणि वर कव्हर चढलं की आणखी दोन-अडीचशे. तर असं कर. स्वयंपाकघरात जा, अर्धा किलो तूरडाळ पिशवीत मोजून घे, मधल्या पुठ्ठ्याला मागून दोऱ्यानं बांध आणि पलंगावर पाठ टेकून अर्धा तास धर. मग मोठ्याला पाऊण किलो बांधून तसंच. ताई हसेल, हसू दे. नांदेडहून इकडे येताना रात्रीच्या गाडीत बर्थवर तू कशी वाचतेस ते मी पाहिलंय, एक हात उशीखाली आणि एका हातात पुस्तक. तो एक हात जे म्हणेल ते ऐक. माझा अंदाज, मोठा पुठ्ठा दहाव्या मिनिटाला तुझ्या नाकावर पडेल.

जागेचं, म्हणजे स्टोरेजचं, बोलतो. त्यासाठी काल पुतळीबावलीवरून चालत कोटीला गुजराती गल्लीत गेलो. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, चौंसठ काइकू लेरे? दो सौ छप्पन लेलो, फिर जिंदगीभर देखना नक्को." त्याचं 'नक्को' ऐकलं की मला नेहमी बरं वाटतं, आपल्या घरातलं कुणी भेटल्यासारखं. सल्ला मात्र घेतला नाही.

चौसष्टमधले पंधरा-वीस टॅबची आपली यंत्रणाच खाते. तुझ्या हाती पंचेचाळीसच्या आसपास येतात. आता हिशेब कर. दोनशे पानांचं पुस्तक रंगीत, इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केलं तर माझ्याकडे ते दीड-दोनशे एमबी भरतं. तेच नुसतं काळं-पांढरं केलं तर दहा-पंधरा. म्हणजे शंभर रंगीत पुस्तकांना पंधरा-वीस जीबी लागतील आणि शंभर काळ्या-पांढऱ्यांना जीबी-दीड जीबी. पुस्तकांनी टॅब भरत नाही गं. भरतो तो व्याख्यानांच्या व्हिडिओंनी. तासाभराचं एक व्याख्यान अर्धा जीबी धर, एका सत्रात साठ तू उतरवून घेणार, झाले तीस. आणि वर आपल्या घरचा व्हॉट्सॲपचा गट, रोज सकाळी फुलं आणि सुविचार. चौसष्ट दिवाळीपर्यंत भरेल. एकशे अठ्ठावीस, ऐकून झालेली व्याख्यानं पुसत गेलीस तर, दोन वर्षं सुखात जाईल. दोनशे छप्पनचे जास्तीचे पैसे ठिपक्यांवर घाल.

एकशे अठ्ठावीस घेतलास तरी गच्च भरू नकोस. या साठवणीत नवं लिहायचं तर आधी जुना कप्पा पुसून मोकळा करावा लागतो. मोकळे कप्पेच उरले नाहीत की यंत्र अडखळायला लागतं. आमच्या टेबलावर छापील कागदांचे फर्मे दुमडायला जागा उरली नाही की कामगारांची कोपरं कशी एकमेकांना लागतात, तसंच. पाचवा हिस्सा रिकामा ठेव. आणि 'आठ-एकशे अठ्ठावीस' म्हणतात त्यातले पहिले आठ म्हणजे रॅम, काम करायचं टेबल. दुसरा आकडा म्हणजे कपाट. जाहिरातीत 'आठ अधिक आठ' दिसलं तर ओळख, की ते दुसरे आठ कपाटातलीच फळी काढून टेबलाला जोडलेत.

कार्डाची खाच असलेला टॅब मिळाला तर चांगलं. सगळ्यांना ती नसते, हे विचारून घे. पण कार्डाबद्दल मला स्वतःची एक फजिती सांगायची आहे, ताईला सांगितलेली नाही. मागच्या वर्षी एक बाई आजीची पाककृतींची हस्तलिखित वही बांधायला घेऊन आल्या. शाई विटत चाललेली. शिवण्याआधी मी पान न पान स्कॅन करून एका कार्डात ठेवलं. कार्ड फूटपाथवर घेतलेलं, पाचशे बारा जीबी लिहिलेलं आणि भाव भाजीपाल्याचा. दोन महिन्यांनी बाईंनी फायली मागितल्या. यादी उघडली तर सगळी नावं जागच्या जागी. पहिली अडतीस पानं उघडली, पुढे नुसता करडा पडदा. असल्या कार्डात खरी जागा लिहिलेल्याहून फारच कमी असते. आतल्या चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की ते मुकाट्यानं जुन्यावरच लिहितं, नाहीतर नवं वाऱ्यावर सोडतं, आणि यादीत मात्र नाव लावून ठेवतं.

वही बाईंकडे होती म्हणून निभावलं. पण घट्ट शिवलेल्या वहीची आतली अक्षरं शिवणीत जातात, ती स्कॅनरला दिसत नाहीत. मला माझीच शिवण उसवावी लागली. सुरीचं टोक दोऱ्याखाली घालून एकेक टाका कापला, पाठीवरचा गोंद ओल्या फडक्यानं मऊ केला, पानं सुटी करून पुन्हा स्कॅन केली आणि पुन्हा शिवली. पैसे घेतले नाहीत. घेणार तरी कोणत्या तोंडानं? 'चिंचेचं सार' लिहिलेल्या पानाचा कोपरा त्या भानगडीत फाटला, तो जपानी कागदानं जोडलाय. बाईंच्या लक्षात आला नाही. माझ्या रोज लक्षात येतो.

म्हणून कार्ड पक्क्या दुकानातून, पावती घेऊन. आणि वापरायच्या आधी संगणकावर पूर्ण भरून, वाचून तपास. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर हेच करतं: काठोकाठ भरतं आणि परत वाचून जुळवतं. मोठ्या कार्डाला रात्र लागेल, लागू दे.

आणि कार्ड खरं निघालं तरी एकट्या कार्डावर, किंवा एकट्या टॅबवर, काही ठेवू नकोस. इथला जुना बसस्टँड तुला आठवतो का? लोखंडी कमानीचा, निजामाच्या काळातला, १९३० सालचा. लहानपणी तू त्याला 'बोगदा' म्हणायचीस. जुलै २०१८ मध्ये एका पहाटे तो अख्खा खाली बसला. पण छपराची कुरकुर ऐकून आर.टी.सी.वाल्यांनी काही दिवस आधीच गाड्या तिथून हलवल्या होत्या. नुसतं लोखंड पडलं, माणूस एकही गेला नाही. तुझ्या नोट्स दर रविवारी दाजींच्या लॅपटॉपवर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवत जा. टॅब कुरकुर करत नाही, तो सरळ पडतो.

पेनाचं विचारलं होतंस. हातानं टिपणं काढणार असशील तरच घे, आणि टॅबबरोबरच मिळत असेल तो. वेगळं घेतलेलं पेन त्या पडद्यावर चालेलच असं नाही; दुकानात स्वतः 'श्रीमंत' लिहून बघ. वेलांटी-अनुस्वार मागे राहिले तर उठून ये.

मी तुझ्या जागी असतो तर अकराचा, १९२० ठिपक्यांचा, आठ-एकशे अठ्ठावीसचा घेतला असता, रंग मिळेल तो. पण डाळ बांधून झाल्यावर मला हाताचा कौल कळव.

पुठ्ठे येताना परत आण. मधला चांगल्या जाड बोर्डाचा आहे, त्याच्यात एका पोथीची पाठ निघेल.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा